हिवाळ्यात आंब्याच्या कलमांत सापडलेला काटेरी पाठीचा कोळी : ओळख हवी आहे

कलमबाग (राजापूर तालुका)

नमस्कार. राजापूर तालुक्यात सड्याच्या (कातळी पठाराच्या) उताराला आमची हापूसची बाग आहे. थंडी बरी पडल्यामुळे यंदा मोहोर वेळेवर फुटू लागला असून, तो पाहत फिरताना दोन कलमांच्या मधल्या मोकळ्या जागेत, साधारण छातीच्या उंचीवर, एक गोल जाळे ताणलेले आढळले. जाळ्याच्या मधोमध जो जीव होता तो लांबून गोचिडीसारखा दिसत होता, मात्र काडीने जाळ्याला किंचित धक्का लावताच तो सारे जाळे जोराने हिंदकळवू लागला. म्हणजे तो अडकलेला किडा नव्हता, जाळे त्याचेच होते.

फोटो काढला आहे, पण तो उन्हाच्या विरुद्ध बाजूने काढल्यामुळे त्यात काळी आकृतीच तेवढी दिसते; म्हणून शब्दांत वर्णन करतो. पाठ सपाट, टणक आणि चकचकीत असून तिची रुंदी एक सेंटीमीटरच्या आसपास आणि लांबी त्याहून कमी आहे. पाठीवर आडवे पट्टे आहेत, एक फिकट पिवळसर पांढरा, मग एक गर्द तपकिरी, पुन्हा पांढरा, असे. कडेने सहा काटे आहेत. दोन पुढच्या कोपऱ्यांत, दोन बाजूंना आणि दोन मागे. बाजूचे दोन त्यांतल्या त्यात मोठे. पांढऱ्या पट्ट्यांच्या कडेला बारीक खड्ड्यांसारखे काळपट ठिपके ओळीने दिसतात. पाय आखूड आहेत आणि तो ते अंगाशी इतके आवळून बसतो की आठ आहेत हे मोजून पाहावे लागते. जाळ्याच्या बाहेरच्या धाग्यांवर थोड्या थोड्या अंतराने कापसाचे पुंजके चिकटवावेत तसे पांढरे बिंदूही आहेत.

विचारण्याचे कारण केवळ कुतूहल नाही. बागेतल्या मांगरात (शेतघरात) राहणाऱ्या एका गड्याच्या मानेवर लालभडक पट्टा उठून त्यावर बारीक फोड आले आहेत आणि भयंकर आग होते आहे. कोळी अंगावरून फिरला म्हणून असे झाले, असे सगळ्यांचे ठाम मत आहे. मोहोराचा रस शोषणाऱ्या तुडतुड्यांसाठीची फवारणी दोन दिवसांवर आली आहे, तेव्हा त्यातच एखादे कडक औषध मिसळून कोळीही मारून टाकावेत, नाही तर आम्ही त्या भागात शिरणार नाही, असे गडी म्हणत आहेत. हा कोळी कोणता, तो खरोखर विषारी आहे का, आणि पावसाळ्यात एकही न दिसलेला हा प्राणी नेमका थंडीत कोठून आला, हे कोणी जाणकाराने सांगितल्यास उपकार होतील.

अष्टपाद (रत्नागिरी)

आपण केलेले वर्णन फोटोपेक्षा अधिक उपयोगी आहे. कोळ्यांच्या बाबतीत रंग पुष्कळदा फसवतो, परंतु पाठीचा आकार, काट्यांची संख्या आणि जाळ्याची घडण ही तीन गोष्टी हाती असल्या की बरेचसे काम होते, आणि आपण तिन्ही दिल्या आहेत.

हा गॅस्टराकँथा या वंशातला काटेरी कोळी आहे, आणि आडवे पट्टे व काट्यांची मांडणी पाहता ही गॅस्टराकँथा जेमिनाटा या जातीची मादी असावी. ही जाती भारत आणि श्रीलंकेत आढळते. डेन्मार्कचा कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियस याने 1798 साली तिचे वर्णन केले. कोकणातल्या आंबा-काजूच्या बागा, घरामागची परसे, करवंदीच्या जाळ्या, रानातल्या पायवाटा अशा, जेथे दोन झाडांच्या मध्ये वाऱ्याची आणि किड्यांची ये-जा असते, त्या जागा तिला मानवतात. म्हणजे आपल्याला ती वेगळी वाटली तरी ती दुर्मीळ नाही. लहान असल्यामुळे आणि कोळ्यासारखी दिसत नसल्यामुळे ती नजरेतून सुटते.

गोचिडीशी तिचा काही संबंध नाही, हे जाळे पाहताच ठरते, कारण गोचीड जाळे विणत नाही. भुंगेऱ्याचा संशय पायांनी मिटतो, कारण कीटकाला सहा पाय असतात आणि कोळ्याला आठ. आपण ज्याला पाठ म्हणता ते खरे तर कोळ्याचे उदर आहे. बहुतेक कोळ्यांचे उदर मऊ पिशवीसारखे असते. या वंशात त्यावर कठीण कवच चढलेले असते आणि डोके-छातीचा भाग त्याच्या पुढच्या कडेखाली जवळजवळ झाकला जातो. म्हणूनच वरून पाहताना डोके कोठे आहे हे चटकन कळत नाही. पट्ट्यांच्या कडेचे जे खड्डे आपण टिपले आहेत, त्या ठिकाणी आतले स्नायू कवचाला जोडलेले असतात. बाजूने पाहण्याची संधी मिळाली तर उदराच्या खालच्या अंगाला मध्यभागी एक उंचवटा दिसेल. धागा काढणारे अवयव त्या उंचवट्यावर असतात.

पांढरे पुंजके हे रेशमाचेच असतात आणि ती मुद्दाम ते धाग्यांवर बसवते. पाखरांना जाळे लांबून दिसावे आणि त्यांनी ते फाडून जाऊ नये यासाठी ही सोय असावी, असे काही अभ्यासक मानतात, तर काहींच्या मते त्यांमुळे किडे आकर्षित होतात. बागेत रोज ये-जा करणाऱ्या माणसाला मात्र पहिला तर्क पटावा, कारण हे पुंजके नसते तर जाळे आपल्याही तोंडावरच आले असते.

थंडीचे म्हणाल, तर कोळी आताच कोठून आलेला नाही. पावसाळ्यातही तो बागेत होताच, फक्त अगदी लहान होता. पावसाच्या दिवसांत गवत आणि पालवी वाढते, तिच्यावर किडे वाढतात, आणि त्या खाद्यावर लहान कोळी वाढत जाऊन पाऊस ओसरल्यानंतरच्या महिन्यांत पूर्ण वाढीला पोहोचतात. शिवाय धो धो पावसात उघड्यावरचे मोठे गोल जाळे टिकत नाही. आकाश निवळले, वारा मंदावला आणि सकाळचे दव पडू लागले की तीच जाळी उजेडात येतात. आपल्याकडचा हिवाळा थंड प्रदेशांतल्यासारखा कडक नसल्यामुळे कोळ्यांना तो अडचणीचा नसून सोयीचा काळ आहे. घाटाच्या पायथ्याच्या रानात तळहाताएवढा, सोनेरी धाग्यांचे प्रचंड जाळे विणणारा नेफिला पिलिपेस हा कोळीसुद्धा याच हंगामात मोठा झालेला दिसतो.

खाडीकाठ (अलिबाग)

ओळखीबद्दल मला काही म्हणायचे नाही, पण सावधगिरीचा एक शब्द. निसर्गात भडक रंग हा धोक्याचा इशारा असतो, असे आपण शाळेपासून शिकत आलो आहोत. पिवळे-काळे पट्टे आणि वर काटे, हे लक्षण काही बरे वाटत नाही. गड्याच्या अंगावर प्रत्यक्ष फोड आलेले असताना केवळ पुस्तकी खात्रीवर माणसांना त्या झाडांखाली पाठवणे योग्य ठरेल का? दुखणे त्यांना सोसायचे आहे, आपल्याला नाही. माझ्या मते आधी जाळी साफ करावीत आणि मग हवी तेवढी चर्चा करावी.

पाणवठा (कुडाळ)

मी त्वचारोगांचा तज्ज्ञ नाही, परंतु ग्रामीण भागात वैद्यकीय व्यवसाय करत असल्यामुळे पाऊस संपल्यापासून थंडीपर्यंत असे रुग्ण माझ्याकडे नेमाने येतात आणि त्यांतला जवळजवळ प्रत्येक जण दोष कोळ्याला देतो. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सकाळी उठल्यावर दिसलेला, सरळ रेषेत ओढल्यासारखा लाल पट्टा, त्यावर दुसऱ्या दिवशी उठणारे बारीक फोड आणि खाजेपेक्षा जास्त आग, हे चित्र बहुतेक वेळा पेडेरस नावाच्या भुंगेऱ्याचे असते. हा किडा एक सेंटीमीटरहून लहान, सडपातळ आणि लांबट असतो. अंग नारिंगी, डोके आणि शेपटीचे टोक काळे, पाठीवर निळसर हिरवे आखूड पंख, आणि चालताना मुंगीसारखा लगबगीने पळणारा. भातखाचरांची ओल आणि कुजका पालापाचोळा येथे तो राहतो, आणि रात्री दिव्याकडे येतो. तो चावत नाही आणि डंखही मारत नाही. मानेवर किंवा हातावर बसलेला किडा आपण झोपेत हाताने चिरडून पुसतो, तेव्हा त्याच्या शरीरातले पेडेरिन हे दाहक द्रव्य कातडीवर ओढले जाते. म्हणूनच पट्टा रेषेत उठतो. हे द्रव्य किडा स्वतः तयार करत नाही, तर मादीच्या शरीरात वस्तीला असलेले जिवाणू ते बनवतात. परिणाम लगेच न दिसता साधारण बारा तासांनंतर किंवा त्याहूनही उशिरा दिसू लागतो, त्यामुळे रात्रीचा किडा कोणाच्याच लक्षात राहत नाही आणि सकाळी छताला दिसलेला कोळी गुन्हेगार ठरतो. कोपराच्या किंवा मानेच्या घडीत फोड आले असतील आणि घडी मिटल्यावर टेकणाऱ्या दुसऱ्या बाजूवरही तसाच डाग उठला असेल, तर निदान जवळजवळ पक्के समजावे.

कलमबाग यांनी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात : मांगरात रात्रभर दिवा चालू असतो का, आणि जवळ वायंगणी (पावसाळ्यानंतर पाण्यावर घेतलेल्या) भाताचे किंवा पाणी मुरलेले शेत आहे का. दोन्हींचे उत्तर होकारार्थी आले तर कोळ्याला मोकळे सोडावे. गड्याने ती जागा साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवावी, फोड फोडू नयेत, त्यावर चुना, रॉकेल, पाल्याचा रस असले काही लावू नये, आणि तो हात डोळ्याला अजिबात लागू देऊ नये, कारण डोळ्याची आग फार त्रास देते. साधारण आठ-दहा दिवसांत कातडी पूर्ववत होऊ लागते. फोड पिकले, ताप आला किंवा डोळा सुजला तर मात्र डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. हा किडा अंगावर दिसल्यास चिरडू नये, फुंकर मारून उडवावा.

अष्टपाद (रत्नागिरी)

पाणवठा यांच्या खुलाशानंतर फोडांचा प्रश्न मिटतो. खाडीकाठ यांच्या शंकेतला माणसांबद्दलचा भाग रास्त आहे, परंतु रंगाचा नियम येथे तसाच्या तसा लागू होत नाही. ऑस्ट्रेलियात याच वंशातल्या गॅस्टराकँथा फॉर्निकाटा या पट्टेदार जातीवर एक प्रयोग झाला होता, त्यात काही माद्यांचे पिवळे पट्टे काळ्या रंगाने झाकले, तेव्हा त्यांच्या जाळ्यात सापडणारे किडे कमी झाले. म्हणजे हे पट्टे निदान त्या जातीत तरी भक्ष्य खेचण्याचे काम करतात. काट्यांचा उपयोग वेगळा आहे. पाखराला किंवा गांधीलमाशीला एवढे टणक, टोकदार उदर तोंडात धरणे अवघड जावे, हा त्यामागचा हेतू मानला जातो. काट्यांत विष नसते.

विषाचे म्हणाल, तर युलोबोरिडी हे एक कुल आणि आणखी थोडे अपवाद वगळले तर जगातल्या जवळजवळ सर्व कोळ्यांना विषग्रंथी असतात, कारण किडा निपचित करायला विष लागतेच. प्रश्न असा असतो की ते माणसाला बाधते का. या काटेरी कोळ्याचा जबडा फार लहान आहे, तो स्वतःहून माणसाच्या अंगावर येत नाही, आणि जाळे तुटले तर धाग्यावरून खाली उतरून पानाआड जातो. मुद्दाम मुठीत दाबून धरल्याशिवाय तो चावण्याचा प्रसंगच येत नाही, आणि मुठीत धरल्यास चाव्याआधी काटे टोचतील. सावध राहायचेच असेल तर रायवळ आंब्याच्या किंवा इतर जुन्या झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या पोइसिलोथेरिया वंशातल्या मोठ्या केसाळ कोळ्यांपासून राहावे. त्यांच्या चाव्याने स्नायूंत पेटके येतात. ढोलीत हात घालण्याआधी काठीने चाचपावे, हे आपले जुने लोक सापासाठी सांगत, ते येथेही उपयोगी पडते.

सड्यावरची (देवगड)

फवारणीबद्दल लिहिते, कारण तो निर्णय दोन दिवसांत घ्यायचा आहे आणि आमच्या घरी बागायतीचेच काम आहे.

तुडतुड्यांसाठी फवारणी करावी की नाही हा प्रश्न स्वतंत्र आहे. मोहोरावर तुडतुडे वाढले आणि खार (त्यांचा चिकट स्राव) पडू लागला तर हात बांधून बसता येत नाही, हे कोणताही बागायतदार मान्य करील. पण कोळी मारण्यासाठी म्हणून वेगळे औषध मिसळणे हे दुहेरी नुकसान आहे. एक तर सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधे कोळ्यांना फार लवकर मारतात, त्यामुळे तुडतुड्यांसाठी यांतले औषध वापरणार असाल तर कोळी तसेही वाचणार नाहीत, त्यासाठी वरून काही घालावे लागणार नाही. दुसरे असे की कोळी हा तुडतुड्यांचा नैसर्गिक शत्रू आहे. एकटे कोळी मोहोर वाचवतील असा दावा मी करणार नाही, पण दोन फवारण्यांच्या मधल्या काळात जे तुडतुडे पुन्हा वाढतात, त्यांना आवरणारे जे थोडे हात बागेत असतात त्यांत हे आहेत. मनाने औषधांची मिसळ करण्यापेक्षा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे आंब्यासाठीचे फवारणी वेळापत्रक समोर ठेवावे आणि तुडतुडे किती आहेत ते प्रत्यक्ष मोहोर पाहून ठरवावे.

गड्यांच्या भीतीवर उपाय सोपा आहे. वाटेवर आडवी आलेली जाळी सकाळी कामाआधी लांब काठीला हलके गुंडाळून घ्यावीत आणि कोळ्यासह ती काठी गडग्याजवळच्या (दगडी कुंपणाजवळच्या) झुडपाला टेकवून ठेवावी. कोळी आपण होऊन उतरतो आणि तेथे नवे जाळे विणतो. माणसाच्या वाटेवर जाळे नको, एवढीच त्यांची मागणी असते आणि ती पूर्ण करायला औषध लागत नाही.

कलमबाग (राजापूर तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. पाणवठा यांनी विचारलेल्या दोन्ही गोष्टींची उत्तरे होकारार्थी आहेत. मांगराच्या दाराशी बल्ब रात्रभर चालू असतो आणि त्याच्या खालच्या अंगाला व्हाळाच्या पाण्यावरचा वायंगणाचा कोपरा आहे. बल्बखाली काल रात्री पाहिले तेव्हा भिंतीवर नारिंगी-काळे, मुंगीच्या चालीचे किडे दिसले. ते गड्यांना दाखवले, तेव्हा हे तर रोजच असतात, असे उत्तर मिळाले. बल्ब आता मांगरापासून लांब खांबावर लावला आहे. फवारणीत वेगळे औषध मिसळणार नाही.

कोळी पुन्हा पाहिला. उदराखालचा उंचवटा स्पष्ट दिसला, आणि खालची बाजू काळी असून तिच्यावर पिवळे ठिपके आहेत. जाळ्याच्या कडेच्या एका धाग्यावर अगदी बारीक, मळकट रंगाचा आणखी एक कोळी लटकलेला होता. त्याला नजरेत भरतील असे काटे नव्हते. ते पिल्लू असावे का?

एक नवीन प्रश्नही आहे. गडग्यापलीकडच्या करवंदीच्या जाळीत याच घडणीचा, पण पट्टे नसलेला कोळी दिसला. त्याची पाठ पांढरट असून तिच्यावर काळे डाग आहेत, आणि काटे सहाच, पण आखूड. ही याच जातीची वेगळ्या रंगाची मादी आहे की दुसरी जाती?

अष्टपाद (रत्नागिरी)

कडेच्या धाग्यावरचा बारीक कोळी हा बहुधा नर आहे. या वंशात नर मादीच्या मानाने फारच लहान असतो, त्याचे काटे नावापुरतेच असतात, आणि पूर्ण वाढ झाल्यावर तो स्वतःचे जाळे सोडून मादीच्या जाळ्याच्या कडेला येऊन राहतो. पुढच्या काही आठवड्यांत जवळपासच्या पानांच्या खालच्या बाजूला रेशमाच्या लोकरीत गुंडाळलेली अंड्यांची चपटी गादी दिसते का, ते पाहावे. अमेरिकेत आढळणाऱ्या याच वंशातल्या जातीची मादी अशा एका गादीत शंभराहून अधिक अंडी घालते आणि त्यानंतर मरते. आपल्या जातीचा क्रम आपल्या बागेत कसा जातो, याची तारखांसह नोंद आपण ठेवली तर ती मोलाची ठरेल.

करवंदीतला कोळी रंगाच्या फरकापुरता वेगळा नसावा. पांढऱ्यावर काळे डाग आणि आखूड काळे काटे हे वर्णन गॅस्टराकँथा कुहली या जातीशी जुळते. परंतु थेलाकँथा ब्रेव्हिस्पिना नावाचा एक जवळचा नातेवाईकही भारतात आढळतो, आणि त्याचेही काटे आखूडच असतात. दोहोंतला फरक काट्यांच्या टोकाशी पाहायचा असतो. थेलाकँथाचा काटा म्हणजे जाड बुटका उंचवटा आणि त्याच्या शेंड्याला एकदम बारीक झालेले अणकुचीदार टोक. कुहलीचा काटा बुडापासून शेंड्यापर्यंत सारखा निमुळता होत जातो. लांबून हे दिसत नाही. तेव्हा ऊन पाठीशी घेऊन, जाळ्याला धक्का न लावता, वरून, खालून आणि बाजूने असे तीन फोटो काढावेत, त्यांतल्या एकात काट्याचे टोक स्पष्ट यावे, आणि मागे गडद रंगाचा कागद धरता आला तर फार बरे. ते येथे टाका. टोक दिसल्याशिवाय या दुसऱ्या कोळ्याचे नाव मी नक्की करणार नाही.